ठमाबाईच्या झाडाखालची बाग

"चाबी दे म्हणून राह्यली ना मी, तुले आयकू नाई येत का?"

ठमाबाई लोखंडी फाटकाचे गज धरून उभी होती. काखेत रिकामी टोपली. फाटकाच्या आत मोहाचं झाड आणि झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा. पंचायतीचा शिपाई विनोद डोळे चोळत तिच्यासमोर उभा होता. त्याला तिनं झोपेतून ओढून आणलं होतं.

"माय, मले काऊन सतावते? सायेबानं सांगतलं हाये, सकारी फाटक उघडाचं नाई. संध्याकारी उघडाचं, पोट्टे खेलले का कुलूप लावाचं."

"पोट्टे संध्याकारी खेलते. मोह का संध्याकारी पडते?"

विनोदने जवळच्या फळीकडे बोट दाखवलं. तिच्यावर बागेची वेळ रंगवली होती. ठमाबाईला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी मोहाला कुठे येतं.

"माही नोकरी जाईन माय," विनोद हळूच म्हणाला.

"आन् माहं पोट?"

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान या पटांगणाच्या अगदी समोर आहे, त्यामुळे गावातली कटकट आधी माझ्याच दारात येते. जलालुद्दीन हे नाव लांब पडतं म्हणून सगळे जलालभाऊ म्हणतात. माझे वडील सायकलवर बांगड्या घेऊन हिंडत. धानोऱ्यापासून आत जंगलात या जांभळीटोल्यात आले आणि इथेच राहिले. गाव सगळं गोंडांचं, मुसलमानाचं घर आमचं एकच. पण भांडण सोडवायला हाक मारताना ते कोणी ध्यानात घेत नाही. त्या सकाळी मात्र मी पंक्चरची ट्यूब पाण्यात धरून नुसता बघत बसलो. सोडवणार काय? दोघंही खरं बोलत होते.

आमच्याकडे मोहाचं झाड कोणाचं ते ठरलेलं असतं. जंगलात कुंपण नाही, सातबारा नाही, तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे लहान मूलही सांगेल. मोह पहाटे गळतो, उन्हं चढेपर्यंत वेचायचा, अंगणात वाळवायचा आणि पावसाळ्यात त्याच्यावर मीठ-तेल निभवायचं. ठमाबाईचा नवरा वारला, मग तिचा गुडघा गेला. जंगलात जाणं बंद झालं. तेव्हा गावाने बसून ठरवलं की पटांगणातला मोह, जो आजवर सगळ्या गावाचा होता, तो आता ठमाबाईचा. घरापासून चार पावलांवर. त्या दिवसापासून दुसऱ्या कोणी त्याचं फूल उचललं नाही. शेरडू जरी तिकडे वळलं तरी पोरं हाकलून लावत.

मग दोन हजार दोन साली तालुक्याहून साहेब आले. गावाला बालोद्यान आणि करमणुकीची जागा मंजूर झाली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. लोकांना विचारूनच करायचं असा वरून हुकूम होता आणि तो पाळायचा हे त्याने मनावर घेतलं होतं. पटांगणात सतरंजी टाकली. सरपंच रंजीता, कालपरवा लग्न होऊन आलेली पोर, साहेबाशेजारच्या खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली. साहेबाने नकाशा उलगडला. झोपाळे, घसरगुंडी, मोहाभोवती सिमेंटचा ओटा आणि सगळ्याला तारेचं कुंपण.

"मान्य आहे ना सगळ्यांना? बोला, मोकळेपणानं बोला."

कोणी बोललं नाही. बुधूभाऊ उठले. हे आमच्या गावचे भूमिया, म्हणजे देवाचं आणि जमिनीचं पाहणारे. गाव त्यांच्या तोंडून बोलतं.

"आयकलं सायेब. उद्या सांगतो."

साहेब हसले. "उद्या कशाला? कोणाचा विरोध तर नाही ना? झालं मग."

विरोध कसा असेल? अजून कोणी घरीच गेलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी फक्त ऐकतात. घरी जातात, चुलीपाशी बाया काय ते सुनावतात, म्हाताऱ्यांना विचारतात, रात्र जाऊ देतात. उत्तर दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, सगळे मिळून. पहिल्या दिवशी होकार देणाऱ्याला इथे उथळ समजतात. साहेबांच्या गावी रीत उलटी असावी. गप्प बसला तो तयार, असं त्यांनी धरलं आणि सर्वानुमते मंजूर लिहून जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पटांगणात येऊन बसलं. कामं टाकून बसलं. उत्तर तयार होतं. बाग पाहिजे, शाळेच्या बाजूला करा, तिथे पोरं दिवसभर असतात. मोहाला कुंपण घालू नका. ऊन डोक्यावर आलं तरी जीप आली नाही. बुधूभाऊंनी शेवटी धोतर झटकलं.

"येईन एखाद्या दिवशी. मंग सांगू."

एखाद्या दिवशी विटा आल्या, मग सिमेंट आलं. रंजीता बिचारी दोनदा तालुक्याला जाऊन आली. साहेब मीटिंगमध्ये होते. हिवाळा संपता संपता बाग उभी राहिली, विनोदच्या कमरेला किल्ली आली आणि मोह फुलला.

आता त्या भांडणाकडे येतो. त्यानंतर ठमाबाईने विनोदला पुन्हा हाक मारली नाही. रोज पहाटे टोपली घेऊन यायची आणि फाटकाबाहेर मातीत पाय पसरून बसायची. आत फूल पडायचं टपटप, ही बाहेरून ऐकायची. ते पाहून मला भाकर गोड लागेना. माझी पोरगी रूही चहा नेऊन द्यायची, तो ठमाबाईच्या हातात गार व्हायचा. संध्याकाळी फाटक उघडायचं तोवर उन्हाने फूल काळं पडलेलं, पोरांच्या पायांनी चिरडलेलं. आंबूस वास सुटला. माश्या घोंगावू लागल्या. गावात कोणी कोणाशी धड बोलेना.

त्यातच साहेब आले. मोठे साहेब उद्घाटनाला यायचे होते, म्हणून बघायला. फाटकातच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ही घाण कोणी साफ करत नाही का? परवा कार्यक्रम आहे. हा कचरा रोज सकाळी उचलला गेला पाहिजे. कोण करेल, बोला."

बुधूभाऊ उठून म्हणाले, "आयकलं सायेब. उद्या सांगतो."

या खेपेला साहेब अडकले होते. "उद्या सकाळी येतो," म्हणाले, आणि बुधूभाऊंनी मान डोलावली.

संध्याकाळी बुधूभाऊंच्या अंगणात बैठक बसली. बाया मागे, भिंतीला टेकून. बोलणं फार झालं नाही. सगळ्यांच्या मनात एकच होतं, फक्त ते ठमाबाईला सांगायचं कोणी हा प्रश्न होता. शेवटी रंजीताच बोलली.

"आत्याबाई, साफसफाईले तुमचं नाव देतो. चाबी तुमच्याजवळ राहीन."

ठमाबाई भिंत धरून उठली. "माह्या झाडाचं फूल मी कचरा म्हणून उचलू? त्याच्यापरीस उपाशी मरन मी. गावानं देल्लं मले ते झाड. झाडू माराले देल्लं का?"

एवढं बोलून ती रडली. नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती. अंगणात कोणाला मान वर करवेना. मलाही करवली नाही.

बुधूभाऊ म्हणाले, "त्याले कचरा म्हणू दे ठमा. त्याले का मालूम? तू नोको म्हणू. आमी बी नाई म्हणत."

"मी नाई म्हणाची."

"नोको म्हणू."

ती पुन्हा खाली बसली. गुडघा चोळत राहिली. तेच तिचं उत्तर होतं.

सकाळी साहेब वेळेवर आले. बुधूभाऊंनी गावाचं म्हणणं सांगितलं. "ठमाबाई करन. दिवस निंघाच्या आंधी. पगार नोको, पन चाबी तिच्याचपाशी राहीन. आन् उचललेलं तिनं घरी नेलं तं चालन का सायेब?"

"कचऱ्याचं काय करायचं ते करा हो," साहेब म्हणाले. "वाह, याला म्हणतात लोकसहभाग."

किल्ली ठमाबाईच्या लुगड्याच्या पदराला बांधली गेली. त्याच दिवशी कळलं की सिमेंटच्या ओट्यावर फूल स्वच्छ पडतं. पालापाचोळा जाळायला नको, माती झटकायला नको. विनोद स्वतः टोपली उचलून तिच्या घरी पोचवून आला. मात्र बुधूभाऊंनी बुंध्याला भिडवलेल्या सिमेंटवरून हात फिरवला आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

"मुळाले पानी कुठून जाईन गा, जलालभाऊ?"

याचं उत्तर मला उद्याही सुचणार नव्हतं.

उद्घाटनाला मंडप पडला, भाषणं झाली. ओटा लख्ख होता. एवढ्या वयात बिनपगारी गाव स्वच्छ ठेवणारी ही माउली, असं म्हणून मोठ्या साहेबांनी ठमाबाईला शाल पांघरली. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"आजी, बागेबद्दल काय वाटतं? सांगा सगळ्यांना."

ठमाबाईने माइककडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं.

"आयकलं सायेब," ती म्हणाली. "उद्या सांगीन."

मंडपातले पाहुणे खदखदून हसले. मोठे साहेबही हसले. म्हातारी लाजली असं त्यांना वाटलं असणार. गाव मात्र हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा ती वेचणं आटोपून ओट्यावर बसली होती. फाटक सताड उघडं. शाल खाली पसरलेली आणि तिच्यावर मोहाचं फूल वाळत घातलेलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"सायेब आला का गा, जलालभाऊ?"

"नाई."

"बरं," ती म्हणाली आणि शालीवरची फुलं हाताने सारखी करू लागली.