सुविधाताईच्या पार्लरमधली फणसाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. डिचोलीच्या बाजारात सुविधाताईचं ब्यूटी पार्लर आहे, तिथे माझा मुक्काम असतो. जन्म मात्र पेडण्याचा. जयराम मेस्त नावाच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. तो मला लाडाने 'कदेल' म्हणायचा. इकडची जुनी माणसं खुर्चीला कदेलच म्हणतात. त्याने माझ्या हातांवर वेल कोरली आणि पाठ मागे कलती व्हावी म्हणून एक लोखंडी खटका बसवला. तो खटका पहिल्या दिवसापासून कुरकुरतो. "बोलकी आसा ती," असं सांगून मेस्ताने मला सुविधाताईच्या आईच्या, तेव्हा पार्लर चालवणाऱ्या सत्यवतीबाईंच्या, स्वाधीन केलं.

काय ते दिवस होते! जत्रा आली, शिगमो आला, लग्नसराई आली की मला उसंत नसायची. लहान मुलींचे केस कापायचे तर माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून त्यांना वर बसवत. तेजस्विनी नावाची एक मुलगी तर कात्री दिसली की माझा हात कडकडून चावायची. तिच्या दातांची खूण अजून माझ्या अंगावर आहे. ती मुलगी पुढे त्वचेची डॉक्टर झाली, हे मी सगळ्या नव्या खुर्च्यांना ऐकवते.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. माणूस मान मागे टाकून डोळे मिटतं, तेव्हा ते आपला चेहरा दुसऱ्याच्या हवाली करतं. सत्यवतीबाईंना याची जाण होती. सुविधाताईलाही होती. भुवया कोरायला शिकणाऱ्या मुलीला ती आधी महिनोन् महिने स्वतःच्या पायावर दोरा चालवायला लावायची. मुली रडकुंडीला यायच्या, पण ताई बधायची नाही.

मग गेल्या वर्षी ताईच्या डोक्यात भलतंच शिरलं. ती शहरातल्या एका हॉटेलात दोन दिवसांचा वर्ग करून आली. येताना तिने काचेत मढवलेलं प्रमाणपत्र आणलं, कातडीचा वरचा थर काढणाऱ्या आम्लाच्या बाटल्या आणल्या आणि बटण दाबलं की आपोआप आडवी होणारी पांढरी खुर्ची आणली. माझी रवानगी दाराजवळ झाली. माझ्यावर कोणी हेल्मेट ठेवी, कोणी ओली छत्री टेकवी. माझ्या खटक्याला तेल घालायचं कोणाच्या लक्षातही येईना. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

अशात एक दिवस मयेची सेजल आली. तिचं लग्न अगदी जवळ आलं होतं, मोरजीच्या गौरेशशी. एरवी हसून दुकान डोक्यावर घेणारी ही मुलगी ओढणीने अर्धा चेहरा झाकून आली होती. ओढणी बाजूला केली तर उजव्या गालावर काळे, खरबरीत चट्टे.

"ताई, ह्याचा काय तरी कर गो," ती रडवेली होऊन म्हणाली. "लग्नात सगळी माझ्याच तोंडाक बघतली."

"कित्याक रडतस? माझ्याकडे औषध आसा," असं म्हणत ताईने तिला पांढऱ्या खुर्चीत आडवी केली. बटण दाबताच ती खुर्ची निमूटपणे मागे गेली. सेजलने डोळे मिटले. ताईने आम्लाची बाटली उघडली.

त्या वेळी माझ्यावर कोण बसलं होतं माहीत आहे? तीच चावरी तेजस्विनी. भुवया करायला आली होती आणि आपल्या पाळीची वाट बघत होती. ती इतक्या झटकन उठली की मी भिंतीवर आपटले.

"थांब गो सुविधाताई! सेजल, आधी माका सांग, हे डाग पडले कशान?"

"सोयरे जेवक इल्ले," सेजल डोळे न उघडताच म्हणाली. "त्यांका बिब्यांचो तोणाक आवडता म्हणान मियां बिबे सोलले. तेच हातान घाम पुसलो आसतलो."

तोणाक म्हणजे रस्सा, आणि बिबे म्हणजे ओले काजूगर, मित्रांनो. त्यांच्या सालीचा चीक कातडी भाजून काढतो. सोलणारे हातांना खोबरेल चोपडतात, पण तोंडावरचा घाम काही सांगून येत नाही. सेजलचे डाग म्हणजे भाजलेली, अजून न भरलेली कातडी होती. आणि ताई तिच्यावर आम्ल लावायला निघाली होती!

ताईचा चेहरा पडला, पण मान खाली जाईना. "मीय शिकान इलंय," ती म्हणाली. "दोन दिवस."

"तू नव्या पोरीक दोन दिवसांनी गिरायकाच्या भुवयेर दोरो लावक देशीत?"

"खुळी काय गो तू? कोणाचो डोळो फुटलो तर?"

एवढं बोलून ताईने हातातली बाटली खाली ठेवली. तेजस्विनी तिच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आणि हिचा तोंड सुजला आसता, तर काय केला आसतंस?"

"तुका फोन केलो आसतो."

"मगे आधीच कर की!"

सेजलच आधी हसली, पांढऱ्या खुर्चीत आडवी पडल्या पडल्या. तिच्यामागून दोघी हसल्या. मला हसता येत नाही, नाहीतर माझाही आवाज बाजारभर गेला असता. ताईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली तेजस्विनीच्या हातात दिली.

तेजस्विनीने सेजलला दवाखान्यात बोलावून नीट तपासलं, मलम दिलं, उन्हात फिरायचं नाही, खाजवायचं नाही, असं बजावलं. डाग लग्नापर्यंत पुरते जाणार नाहीत, हेही तिने सरळ सांगितलं. चट्टे भरत आले, खपल्या पडल्या, खाली पुसटशी सावली उरली.

लग्नाच्या दिवशी नवरीला नटवायला ताई मयेला निघाली. ती पांढरी खुर्ची चार माणसांनाही हलेना. तेव्हा ताईची नजर माझ्याकडे गेली. तिने मला पुसलं, खटक्यात खोबरेल घातलं आणि रिक्षाच्या टपावर बांधलं. मयेच्या तळ्याकडून वारा खात, मी नवरीच्या घरी वाजतगाजत पोचले.

सेजल माझ्यावर बसली. ताईने केसांत अबोलीचा वळेसर माळला, काजळ घातलं, आणि पावडर घेऊन गालाकडे वळली. तेवढ्यात सासू, गंगाबाई, नवरीला बघायला आत आल्या. त्यांनी तो पुसट डाग पाहिला. सेजलने श्वास रोखला. माझ्या पाठीला तो कळला.

"थय पावडर नको लावू गो," गंगाबाई म्हणाल्या. "आमका जेवक घालताना पडलेलो डाग तो. माका तो दिसाक होयो."

सेजल हसली, रडली आणि काजळ पुन्हा घालावं लागलं. ताईने कुरकुर केली नाही.

आता मी परत आरशासमोर आहे. प्रमाणपत्राच्या चौकटीत सेजलचा लग्नातला फोटो बसला आहे. आम्लाचं काम असलं की ताई दवाखान्याचा पत्ता देते.

मित्रांनो, कोणाच्याही खुर्चीत मान मागे टाकण्याआधी एवढं विचारा, की बाई गं, तू हे कुठे शिकलीस आणि किती वर्षं शिकलीस? खरं शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि घरात एखादी जुनी खुर्ची असेल तर तिच्या खटक्यात अधूनमधून तेल घाला. माझ्या खटक्यात मात्र ताई आता जरा कमीच घालते. म्हणते, "कुरकुरू दे तिका. तेवढ्यात माका गिरायकाक इचारूक मेळता, तोंडाक काय लावलंस गो?"