तंबूची वास्तुशांती

ऋषिराजने तंबू मागवला तेव्हा पिशवीवर ‘दोन माणसं, तीन मिनिटं’ असं छापलेलं होतं. पुण्यातल्या हॉलमध्ये सोफा सरकवून त्याने तो लावला, त्यात अर्धा रविवार गेला. मग आतून चेन सापडेना, म्हणून त्याच्या बायकोला, श्रेयाला, भाजी तशीच बाजारात टाकून घरी यावं लागलं. एवढं होऊनही या माणसाने गाडीने कन्याकुमारीला जायचं आणि रोज रात्री तंबूत झोपायचं ठरवलं. नोकरी त्याने आधीच सोडली होती, त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर होता आणि अडवणारा साहेब नव्हता.

साहेब श्रेयाला होता. तिने दोन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा मेल लिहून मोबाइलमध्ये ठेवला आणि अट घातली.

“पहिली रात्र तंबूत काढायची. जागा सुरक्षित हवी आणि लॉजपेक्षा स्वस्त हवी. जमलं तर सकाळी मेल जाईल. नाही जमलं तर गाडी वळवायची आणि तंबू विकायचा.”

“आणि कुठल्याही नातेवाइकाकडे जायचं नाही,” ही तिसरी अट ऋषिराजने स्वतःहून जोडली. गरज नव्हती. पण लासुर्ण्याचे जोतीराममामा फोनवर हसले होते. म्हणाले होते, “तंबूत झोपतोय व्हय? पहिल्याच दिशी माझ्याकडं जेवाय येशील बघ.”

पहिल्या दिवशी विजापूर गाठायचं होतं. पण हायवे हा फक्त पोहोचायची घाई असलेल्यांसाठी असतो, असं ऋषिराजचं मत होतं, म्हणून त्याने गाडी बारामतीवरून घेतली. त्याच्या मताला मान देऊन गाडीही काटेवाडीच्या अलीकडे पंक्चर झाली. चार वाजता ते लासुर्ण्यातून जात होते तेव्हा श्रेया चालवत होती आणि कन्याकुमारीचा प्रवासी सीटखाली डोकं घालून बसला होता.

“गेलं का गाव?”

“गेलं. उसाच्या ट्रॉलीमागे आहोत. ट्रॉलीला तोंड दाखवायला हरकत नाही.”

इंदापूरच्या बाजूला त्यांनी जागा शोधायला सुरुवात केली. आठ महिने पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये लोक नदीकाठी थांबत, कॉफी करत आणि सूर्याकडे बघत. त्यांना कोणी ‘तुमी कुणाचं?’ असं विचारत नसे. इथे पेट्रोल पंपावर विचारलं, शाळेच्या मैदानावर विचारलं, दूध डेअरीपुढे विचारलं. जागा द्यायला कोणाचीच ना नव्हती. फक्त आडनाव, मूळ गाव, आईचं माहेर असा क्रम लागायचा आणि चौथ्या प्रश्नाला समोरचा माणूस खिशातून मोबाइल काढून म्हणायचा, “मंग लासुर्ण्याचं जोतीराम तुमचं मामाच की! थांबा, लावतो फोन.” की हे दोघं पळाले.

एकाने मात्र काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, “झोपा की माझ्या रानात. फकस्त पहाटं हार्वेस्टर येतोय ऊस तोडाय. बघून चालवाय सांगतो त्याला.”

श्रेयाने गाडीत बसून काच वर केली. पौषातली थंडी उसातून रस्त्यावर यायला लागली होती.

तेवढ्यात मंगल कार्यालय दिसलं. भक्कम कंपाउंड, लोखंडी गेट, हिरवं लॉन, दिवे, वॉचमन, शिवाय वधूपक्ष आणि वरपक्ष अशी दोन स्वच्छतागृहं. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे आत एक पांढरं मांजर आणि पांढऱ्या शर्टातले व्यवस्थापक दीपकराव एवढेच होते.

“कार्यक्रम काय हाय?” दीपकरावांनी विचारलं.

“कार्यक्रम नाही. झोपायचंय.”

“झोपायचा रेट न्हाय आमच्याकडं.”

“एका रात्रीचं भाडं घ्या ना साधं.”

“सायेब, कार्यक्रमाबिगर पावती न्हाय आन् पावतीबिगर गेट न्हाय. संचालक लई कडक हाय.”

“मग संचालकांशी बोलतो. कुठे असतात?”

“मीच हाय,” दीपकराव म्हणाले आणि त्यांनी दरपत्रक पुढे ओढलं. “साखरपुडा करता?”

“आमचं लग्न झालंय.”

“मंग बारसं. डोहाळजेवण?” त्यांनी श्रेयाकडे पाहिलं. श्रेयाने त्यांच्याकडे पाहिलं. दीपकरावांनी पान उलटलं. “सेवापूर्ती समारंभ?”

“त्याला आधी नोकरी लागते,” श्रेया म्हणाली.

“मंग ऱ्हायली वास्तुशांती. सगळ्यात स्वस्त. पौषात निम्मा रेट. गुरुजी, शंभर खुर्च्या, गेटवर फ्लेक्स, च्या. इंदापुरातला लॉज ह्याच्यापेक्षा म्हाग पडंल तुमाला.”

“पण वास्तू?”

दीपकरावांनी गाडीच्या टपावर बांधलेल्या पिशवीकडे बोट केलं. “त्यात काय हाय?”

ऋषिराजने श्रेयाकडे पाहिलं. सुरक्षित होतं. स्वस्त होतं. नातेवाईक नव्हते. नियमाच्या भाषेत बोलायचं तर हरकत घ्यायला जागाच नव्हती.

“तू हे खरंच करणार आहेस,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

तंबू लॉनच्या मधोमध उभा राहिला, थोडा बारामतीकडे झुकलेला. वॉचमनने त्याच्यापुढे शंभर खुर्च्या ओळीने मांडल्या. केशव गुरुजी मोटारसायकलवरून आले, त्यांनी तंबूला एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

“पौषात वास्तुशांती नसते हो.”

“गुरुजी, कापडाची हाय,” दीपकराव म्हणाले.

गुरुजींनी भिंत दोन बोटांत धरून पाहिली. “मग ती चल वास्तू झाली. महिना भिंतींना लागतो, कापडाला लागत नाही.” आणि त्यांनी पाट मागवला.

पूजेला बसलेल्या ऋषिराजला गेटवरचा फ्लेक्स दिसला नाही. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर वास्तुशांतीसाठी एकच चित्र होतं, आणि ते दोन मजली बंगल्याचं होतं. बंगल्याला गोल बाल्कनी होती. बाल्कनीच्या वर, ढगांमध्ये, गॉगल लावलेला ऋषिराज होता. दीपकरावांनी त्याच्या प्रोफाइलचा फोटो घेऊन त्याला दुसऱ्या कोणाचे तरी जोडलेले हात चिकटवले होते. त्या हातांत अंगठ्या होत्या.

आरती चालू असताना रस्त्यावर बोलेरोचा ब्रेक करकचून लागला. इंदापूरहून परत निघालेले जोतीराममामा गेटमधून आत आले ते थेट पाटापर्यंत.

“ऋषा! माडी बांधलीस व्हय रं? आन् मामाला रस्त्यावरनं कळतंय?”

“मामा, अहो, ते...”

“फ्लेक्सवर मामाचं नाव न्हाय! माडी बांध न्हायतर राजवाडा बांध, पर मामाचं नाव न्हाय म्हंजी काय? माझी गावात किंमत काय ऱ्हायली?” मामांचे डोळे खरंच भरले होते, आणि ऋषिराजला त्या क्षणी जमिनीत शिरावंसं वाटलं. पण जमिनीवर तंबूचा तळ होता.

त्याने खुलासा करायच्या आत मामांनी रागातच लासुर्ण्याला फोन केला. बघता बघता दुसरी गाडी भरून माणसं आली. द्वारकामामी आल्या, त्यांच्या जाऊ छबूबाई आल्या, चुलतमामा आले, शेजारपाजार आला. सगळ्यांची मिळून आहेरात भिंतीवरची चार घड्याळं आली. सगळ्यांनी शंभर खुर्च्यांतल्या मनाला येईल त्या पकडल्या आणि बंगला शोधायला माना वळवल्या.

“माडी कुठाय रं?” मामांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ऋषिराज उठला, त्याने हात जोडले, यावेळी स्वतःचे, आणि तो म्हणाला, “मामा, घर हेच.”

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मग मामांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि ते गुडघ्यांवर येऊन तंबूत शिरले. आतून आवाज आला.

“हवेशीर हाय.”

मग जरा वेळाने, “भिताडं जरा सरळ घ्यायची हुतीस.”

मामींनी वाकून तंबूच्या दाराशी ठेवलेली प्रवासाची शेगडी पाहिली आणि चुलीचं तोंड पूर्वेला करायला लावलं. घड्याळं कुठे टांगायची यावर चर्चा झाली आणि शेवटी ती शंभरांपैकी चार खुर्च्यांवर बसवण्यात आली. चहा झाला. हसून हसून छबूबाईंना ठसका लागला. मामांचा राग गेला, पण जिंकल्याचा आनंद मात्र राहिला.

“चला आता घरी,” ते म्हणाले. “हितं गारठून मरायचंय का? गरम भाकरी हाय, बंबात पानी हाय.”

ऋषिराजने श्रेयाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत गेले होते आणि ‘बंब’ या शब्दावर तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. तिने खाली ठेवलेली पिशवी खांद्याला लावली.

“चल ऋषी. खूप झालं.”

कन्याकुमारी त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडाली. त्याला खूप बोलायचं होतं, पण ज्या माणसाने मंगल कार्यालयात कापडाची वास्तुशांती केली आहे त्याच्या मुद्द्याला कितीसं वजन असणार? तो तंबूचे खिळे उपटायला वाकला.

“आरं, हात लावू नगंस!” द्वारकामामी ओरडल्या. “निघाला कुठं? वास्तुशांती झालीया. आज रात्री वास्तू मोकळी ठिवत न्हाईत.”

“अगं पर ही कसली वास्तू?” मामा म्हणाले.

“पूजा झाली का न्हाय?”

सगळ्यांनी केशव गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचा एक पाय मोटारसायकलवर होता आणि दक्षिणा खिशात होती. “यथासांग झाली,” ते म्हणाले.

“मंग घरच्या सुनंनं हितंच झोपायचं. मी झोपते तिच्यासंगं. छबू, तू बी ये. सूनबाई, भ्यायचं न्हाय.”

मामांनी पहिल्यांदाच हार खाल्ली, तीही घरच्या माणसाकडून. त्यांनी लासुर्ण्याहून भाकरी, पिठलं आणि नऊ गोधड्या मागवल्या. दोन माणसांच्या तंबूत तीन बायका झोपल्या. पुरुष लॉनवर पसरले. ऋषिराजच्या वाट्याला आलेली गोधडी तोकडी होती, तेव्हा दव लागू नये म्हणून वॉचमनने त्याला गेटवरचा फ्लेक्स पांघरायला दिला. तो स्वतःच्या बाल्कनीखाली झोपला.

सकाळी श्रेया तंबूतून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना तेल होतं, वेणी घातलेली होती आणि तोंडावर पुण्यात कधी न दिसलेली झोप होती.

“मामी घोरतात,” ती म्हणाली. “पण काय ऊब आहे रे आत!”

“मग?” ऋषिराजला फ्लेक्समधून बाहेर पडता येत नव्हतं. “सुरक्षित होतं. स्वस्त होतं. आणि आपण मामांच्या घरी गेलो नाही.”

“नाही. ते आपल्या घरी आले.” तिने मोबाइल काढला, अंगठ्याने एकदाच दाबलं आणि तो परत खिशात टाकला. “गेला मेल.”

त्याने उडी मारायचा प्रयत्न केला. फ्लेक्सने तो हाणून पाडला.

“थांब. मी पास झाले. तू नाही. तू तंबूत झोपलाच नाहीस.”

तो फ्लेक्समधून कसाबसा सुटला आणि निदान प्रवास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटं तरी आत पडावं म्हणून तंबूच्या दारात वाकला. आत जोतीराममामा गोधडीवर आडवे झाले होते. चहाची कपबशी पोटावर होती.

“जरा पाठ टेकली,” मामा म्हणाले. “चेन वढ जाता जाता. वारं येतंय.”