अकराव्या पानावरचा तक्ता

अवंतिका पोहनकर नागपूरला असताना विद्यापीठाच्या मुलींच्या संघात लेफ्ट बॅक खेळायची. पुढे संख्याशास्त्र शिकली, विंडसरला मास्टर्स केलं, आणि तिशी ओलांडता ओलांडता टोरंटोच्या एका गुंतवणूक कंपनीत लागली. त्या कंपनीने आणखी दोन भागीदार घेऊन इटलीतला एक दुसऱ्या डिव्हिजनचा फुटबॉल क्लब विकत घेतला होता. गावाचं नाव वाल्तोरा. डोंगराच्या पायथ्याचं, फरशांच्या कारखान्यांचं गाव. ऑफिसमधल्या चाळीस माणसांत बुटात चिखल घेऊन फुटबॉल खेळलेली ती एकटीच होती, म्हणून ते काम तिच्याकडे आलं.

तिचा बॉस देवेश करंदीकर मूळ पुण्याचा, वीस वर्षं कॅनडात. त्याला "सर" म्हटलेलं चालत नसे.

"क्लबच्या अकादमीत दोनशेवर मुलं आहेत," तो म्हणाला. "आठ वर्षांपासून वीस वर्षांपर्यंतची. त्यातून नेमकं काय बाहेर पडतं, हे कुणालाच धड माहीत नाही. तीन महिने घे. जस्ट टेल अस द ट्रूथ."

तिला तेव्हा हे वाक्य फार आवडलं होतं.

अकादमीचा प्रमुख रेन्झो बार्तोली. वय एकसष्ट, त्यातली चौतीस वर्षं त्याच मैदानावर गेलेली. रोज सकाळी आठला अवंतिका स्कारबरोच्या आपल्या बेसमेंटमध्ये कॉफी घेऊन लॅपटॉप उघडायची. तिकडे दुपारचे दोन वाजलेले असायचे आणि रेन्झो सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत बसलेला असायचा. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण बोलणं स्पष्ट होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "तुमची मुलं वरच्या संघात का जात नाहीत?"

रेन्झो हसला. "आमच्याकडे वीस वर्षांच्या पोराला म्हणतात, अजून लहान आहे. तेवीसचा झाला की म्हणतात, होतकरू आहे. पंचविशीत म्हणतात, होतकरू होता."

"पण कोचला दिसत नाही का?"

"कोचला फक्त येणारा रविवार दिसतो. दोन मॅच हरला की त्याची नोकरी जाते. मग तो माझा पोरगा उतरवेल, की बत्तीस वर्षांचा, चार क्लब फिरलेला माणूस उतरवेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं."

मग तो बोलत सुटला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या लीगला तिकडे प्रिमावेरा म्हणतात, म्हणजे वसंत. "आमच्याकडे वसंतानंतर काही येतच नाही," तो म्हणाला. त्या संघातही आता निम्मी मुलं बाहेरून स्वस्तात आणलेली होती. गावातला बारीक चणीचा, चेंडूवर जीव असलेला पोरगा बारा वर्षांचा झाला की त्याला अंगात ताकद नाही म्हणून घरी पाठवत. "आमची सतराखालची पोरं युरोप जिंकून येतात. एकोणीसखालची जिंकून येतात. आणि दोन वर्ल्ड कप आम्ही घरात बसून बघितले. शेवटच्यात तुमचा कॅनडासुद्धा खेळला, सिन्योरा. कॅनडा!"

अवंतिकाला आकडे हवे होते. क्लबच्या कॉम्प्युटरवर जुन्या हंगामांचं काही नव्हतं. रेन्झोकडे मात्र वह्या होत्या. कुठला मुलगा कधी आला, कधी गेला, वरच्या संघाच्या बाकावर किती वेळा बसला, किती मिनिटं खेळला, सगळं हाताने लिहिलेलं. दोन आठवडे तो चष्मा लावून बसला आणि तिने पाठवलेला तक्ता एकेक ओळ करत भरला. मधेच थांबून एखाद्या नावावर तो म्हणायचा, "हा आता ट्रक चालवतो. डावा पाय असा होता त्याचा..." आणि हाताने हवेत एक वळण काढून दाखवायचा.

अकरा हंगामांत प्रिमावेरापर्यंत पोचलेली दोनशे चौदा मुलं. वरच्या संघात पाऊल टाकलं नऊ जणांनी. सगळ्यांची मिळून मिनिटं सहाशे चाळीस, म्हणजे जेमतेम सात सामन्यांइतकी.

त्या नवांतला शेवटचा एलिया फोर्नारी. एकोणीस वर्षांचा मिडफिल्डर. गेल्या हंगामात तेवीस वेळा बाकावर बसला आणि एकूण एकतीस मिनिटं खेळला. अवंतिकाने त्याचे प्रिमावेराचे सामने पाहिले. चेंडू येण्याआधीच मान वळवून मागे बघायची त्याची सवय, आणि अंगावर तिघे असताना मधूनच पास काढायची बेफिकिरी. तिला राहवेना. एकदा तिने एकच पास सहा वेळा मागे नेऊन पाहिला.

अहवाल चौदा पानांचा झाला. त्यात तिने स्वच्छ लिहिलं की दोष मुलांत नाही, त्यांना खेळवलंच जात नाही. अकादमीतल्या दोन मुलांना दरवर्षी किमान नऊशे मिनिटं द्या, आणि सुरुवात एलियापासून करा. अकराव्या पानावर रेन्झोचा तक्ता होता.

देवेशच्या परवानगीने तिने रेन्झोलाही प्रत पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "चौतीस वर्षांत आमच्याबद्दल असं कुणी लिहिलं नाही. माझ्या पुतणीने इटालियनमध्ये करून दिलं. मी पोरांना वाचून दाखवलं."

जुलैमध्ये वाल्तोराचा प्रिमावेरा संघ एका स्पर्धेसाठी टोरंटोजवळ व्हॉनला येणार होता. तिथे इटालियन लोकांची जुनी वस्ती आहे. नव्या मालकांना संघ मिरवायचा होता. ते यायच्या दोन दिवस आधी देवेशने अवंतिकाला खोलीत बोलावलं.

"बोर्डाने रिपोर्ट वाचला. दे लव्ह्ड इट."

"नऊशे मिनिटं मान्य केली?"

"नाही गं." देवेशने पाण्याची बाटली उघडली, पण पाणी प्यायला नाही. "अकादमी बंद करतोय. सप्टेंबरपासून. लीगच्या नियमापुरता एक संघ ठेवायचा, तोही दुसऱ्या क्लबांकडून लोनवर आणलेल्या मुलांचा. अकरा वर्षांत दोनशे चौदा मुलं आणि नऊ जण वर जातात, म्हणजे ती गोष्ट चालत नाही. तूच दाखवलंस."

"मी ते दाखवलं नाही! ती खेळवलीच गेली नाहीत, हे दाखवलं. पुढचं पान वाचलं का त्यांनी?"

"वाचलं. अवंतिका, बाराव्या पानावर तुझं मत आहे. अकराव्या पानावर फॅक्ट आहे."

देवेश खिडकीबाहेर बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "संघ परत जाईपर्यंत कुणाला कळता कामा नये. आणि हो, तुझ्या पीआरचं एम्प्लॉयर लेटर एचआरकडून माझ्याकडे आलंय. पुढच्या शुक्रवारी साइन करतो."

तो धमकी देत नव्हता, हे तिला माहीत होतं. त्याला खरोखर आठवलं म्हणून तो बोलला होता. पण दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ आली, आणि ती मान हलवून बाहेर आली.

घरी रूममेट उल्का भात लावत होती. नाशिकची मुलगी, कॉलेज करून एका ग्रोसरीत काम करायची. अवंतिकाने तिला सगळं सांगितलं.

"सांगून टाक ना त्या काकांना," उल्का म्हणाली.

"वर्क परमिट याच कंपनीवर आहे. मार्चमध्ये संपतंय. तोवर कायम राहायची पीआर मिळाली नाही तर परत जावं लागेल."

उल्काचं स्वतःचं परमिट जानेवारीत संपत होतं. "मग नको सांगूस," ती म्हणाली, आणि कुकरचा गॅस बारीक केला.

व्हॉनच्या मैदानावर रेन्झोने अवंतिकाला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून तिच्याकडे आला. स्क्रीनवर वाटायचा त्यापेक्षा तो बराच बुटका होता. त्याने मुलांना एका रांगेत उभं करून तिची ओळख करून दिली. "हीच ती." अठरा-एकोणीस वर्षांची बावीस मुलं टाळ्या वाजवायला लागली. अवंतिकाचे कान तापले.

सामना दोन-एक असा वाल्तोराने जिंकला. दोन्ही गोल एलियाच्या पासवरून झाले. बाजूच्या खुर्च्यांवरचे म्हातारे इटालियन उठून ओरडत होते. सामन्यानंतर तो पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ आला. त्याचं इंग्रजी शाळेतलं होतं.

"तुम्ही माझ्याबद्दल नऊशे मिनिटं लिहिलंत."

"हो."

"मला बेल्जियममधून विचारलं होतं. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब. तिकडे खेळवतात म्हणे. जूनच्या शेवटापर्यंत उत्तर द्यायचं होतं." त्याने रेन्झोकडे पाहिलं. "मिस्टर रेन्झो म्हणाले, आता मालकांनाच कळलंय, थांब. आईसुद्धा म्हणाली, घरच्या क्लबात खेळ. मी नाही कळवलं."

"त्यांना... परत विचारता येईल का?"

"त्यांनी दुसरा घेतला. पण ठीक आहे ना? आता ठीक आहे."

तिने मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आज छान खेळलास." तो हसला आणि मुलांत पळाला.

तीन दिवसांनी संघाच्या बसमध्ये किटच्या बॅगांनी जागा अडली, म्हणून रेन्झो तिच्या कारमधून विमानतळावर निघाला. हायवेवर ट्रॅफिक तुंबलेलं होतं. रेन्झो पुढच्या हंगामाचं बोलत होता. बारा वर्षांच्या गटात एक पोरगा आहे, टॉमासो, वजन जेमतेम तीस किलो. या वेळी त्याला घरी पाठवणार नाही, तिच्या अहवालाचं आठवं पान, बारीक चणीच्या पोरांबद्दलचं, दाखवणार.

"रेन्झो," ती म्हणाली, "ते अकादमी बंद करताहेत."

त्याला इंग्रजी समजलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. सप्टेंबर. एकच संघ. बाहेरची मुलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागत होते, विझत होते.

मग त्याने विचारलं, "कशावरून ठरवलं?"

"अहवालावरून."

"कुठलं पान?"

"अकरावं."

रेन्झोने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "ते मी भरलं," तो म्हणाला. "मी स्वतः भरलं."

"तुमची काही चूक नाही. मी नीट..."

"एक नाव मी विसरलो होतो. रात्री आठवलं, उठून लिहिलं. वाटलं, कुणावर अन्याय नको."

विमानतळावर उतरताना त्याने दार धरून ठेवलं. "पोरांना विमानात कळू द्यायचं नाही. घरी त्यांच्या आया आहेत." मग म्हणाला, "तू सांगितलंस. बरं केलंस." त्याच्या आवाजात ना राग होता ना माया. बॅग ओढत तो आत गेला. तिथे मुलं एकमेकांच्या टोप्या उडवत उभी होती.

तिने सांगितल्याचं कंपनीत कुणाला कधीच कळलं नाही, कारण रेन्झो कुणाला बोलला नाही. शुक्रवारी पत्रावर सही झाली. सप्टेंबरमध्ये वाल्तोराच्या वेबसाइटवर चार ओळींचं निवेदन आलं. "स्वतंत्र सांख्यिकी अभ्यासाच्या आधारे" असे शब्द त्यात होते. गावातल्या पालकांनी दोन रविवार स्टेडियमबाहेर फलक धरले. तिसऱ्या रविवारी क्लब जिंकला. विजयाचा गोल चौतीस वर्षांच्या नव्या स्ट्रायकरने केला, आणि फलक घेऊन कुणी आलं नाही.

रेन्झोचा नंबर लागेनासा झाला. त्याच्या पुतणीने एका मेलला उत्तर दिलं की काका बरे आहेत, फारसे बाहेर पडत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये एलियाचा मेसेज आला: क्लबने मला सोडलं, कॅनडात एखादा संघ घेईल का? अवंतिकाने आठवडाभर फोन केले. दोन क्लबांनी व्हिडिओ मागवले, कौतुक केलं. मग एकाने सांगितलं, परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्यात. दुसऱ्याने विचारलं, "वरच्या संघात हा किती मिनिटं खेळलाय?"

"एकतीस," ती म्हणाली.

"हंगामात?"

"एकूण."

समोरच्या माणसाने सभ्यपणे आभार मानले.

तिने एलियाला व्हिडिओ कॉल लावला. तो फरशांच्या कारखान्याच्या आवारात उभा होता. डोक्याला जाळीची टोपी, गालावर पांढरी धूळ. मागे भट्टीचा आवाज चालू होता. तिने दोन्ही उत्तरं सांगितली. मिनिटांचंही सांगितलं, कारण आता त्याच्यापासून काही लपवायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"सी, हो," तो म्हणाला. "बेल्जियमवाल्यांनीही तेच विचारलं होतं. तेव्हा बावीस मिनिटं होती."

"संध्याकाळी खेळतोस का?"

"शिफ्ट असते. रविवारी कधीतरी, मित्रांबरोबर."

"एलिया, मला माफ कर."

त्याने खांदे उडवले. तिचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. आतून कुणीतरी त्याला हाक मारली. "मला जायचंय, सिन्योरा," तो म्हणाला, आणि फोन बंद न करताच खिशात टाकला. मिनिटभर तिला नुसता अंधार दिसत राहिला आणि भट्टी ऐकू येत राहिली. मग तिनेच कॉल तोडला.

फेब्रुवारीत तिची पीआर आली. देवेशने ऑफिसमध्ये केक मागवला आणि केक कापून झाल्यावर विचारलं की पोर्तुगालमध्ये एक क्लब बघतोय, त्याच्या अकादमीचा रिपोर्ट ती करेल का.

"नाही," ती म्हणाली.

"ओके, नो प्रॉब्लेम," देवेश म्हणाला, आणि ते काम त्याने दुसऱ्या कुणाला तरी दिलं.