नागपूरिंग

मनिराम पटले मास्तर पंचेचाळिशीचेही नव्हते, पण खुर्चीवरून उठताना "अरे देवा" म्हणायची सवय लागून गेली होती. सालेकशाच्या अलीकडच्या मिडल शाळेत ते इंग्रजी शिकवत. शिकवत म्हणजे काय, दरसाल नवी पोरं यायची आणि जुनंच "ही गो" म्हणायची. "गोज रे बाबा, गोज!" मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून घेत. विलायतेत राजा बदलला, इथलं "ही गो" काही बदललं नाही.

त्यात चालू वर्तमानकाळ म्हणजे डोक्याला निव्वळ ताप. पुस्तकात छापलेलं, 'मी जात आहे' म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग'. आता या मुलखात जन्मात कोणी 'मी जात आहे' म्हटलंय? इथला माणूस म्हणतो 'जाऊन राह्यलो', 'जेवून राह्यलो', 'भांडून राह्यलो'. पहिल्याच दिवशी एकानं भोळेपणानं विचारलं होतं, "कोणती जात, गुरुजी?" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी एका दुपारी वैतागून त्यांनी पुस्तक मिटलं. "आइका रे. जिथं 'राह्यलो, राह्यला' येते ना, तिथं 'अ‍ॅम' नाहीतर 'इज' घाला, अन् कामाच्या शेपटीले 'इंग' बांधा. झालं!"

आणि काय सांगावं, वर्ग जागा झाला! सगळ्यांत जास्त जागा झाला तो खुशाल नावाचा पोरगा. हे पोरगं म्हणजे नुसता भुंगा. धानाच्या बांधीवरून घरी जाताना "आय अ‍ॅम गोइंग", आई चुलीशी दिसली की "मदर इज कुकिंग". त्याला स्टेशनावरचा बाबू व्हायचं होतं, आणि बापानं ते अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. किती वर्षांनी मास्तरांना शाळेची पायरी चढताना बरं वाटलं.

पण शाळा तपासणारे डिप्टी साहेब यायचे होते. मागल्या तपासणीलाच ते बजावून गेले होते, पुढच्या खेपेला पोरं अशीच निघाली तर इंग्रजीचा वर्ग बंद. बंद झाला की इंग्रजीसाठी गोंदिया गाठा. तिथं पोराला ठेवणार कोण? म्हणजे सगळ्यांचंच संपलं.

साहेब आले. देशावरचे. धोतर पांढरंशुभ्र आणि मराठी त्याहून. वर्गावर नजर फिरवून त्यांनी नेमकं खुशालला उभं केलं. मास्तर मनात म्हणाले, चला, देव पावला.

"भाषांतर कर," साहेब म्हणाले. "माझा भाऊ नागपूरला राहिला."

खुशालच्या कानावर 'राहिला' पडलं मात्र, त्याचा चेहरा फुलला. दम न घेता त्यानं ठोकून दिलं, "माय ब्रदर इज नागपूरिंग!"

साहेब आधी हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग रुमालानं डोळे पुसून एकदम थंड आवाजात त्यांनी विचारलं, "हा नियम कोणी शिकवला?"

खुशालनं मास्तरांकडे पाहिलं. गुरुजी आता समजावून सांगतील, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. बोलीचा नियम सांगितला तर साहेब मास्तरासकट वर्ग उडवतील, याची मास्तरांना खात्री होती.

"साहेब, हे पोरगं मुळातच मठ्ठ आहे," ते म्हणाले. "याचं काही मनावर घेऊ नका. दुसऱ्यांना विचारून पाहा."

दुसऱ्यांना विचारलं ते पुस्तकातलंच निघालं, आणि पुस्तकातलं त्यांनी घोकलेलं होतं. वर्ग वाचला. मास्तर घरी येऊन न जेवता आडवे झाले. झोप कसली लागते! स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर खुशाल उठला. "गुरुजी, मठ्ठाले इंग्रजीत काय म्हणतेत?"

"कायले पाहिजे तुले?"

"बाबानं इचारलं, साहेबापुढं काय झालं. मी सांगतलं, गुरुजी मले मठ्ठ म्हणले. तर म्हणे, तेच इंग्रजीत सांग, एवढं तरी शिकला का पाहू."

मास्तर फळ्याकडे वळले. खडू हातात तसाच राहिला. "डल," ते कसंबसं म्हणाले.

"आय अ‍ॅम डल," खुशाल सावकाश म्हणाला. "बराबर ना, गुरुजी?"

"चूक."

"काऊन? 'आय'ले 'अ‍ॅम'च लागते ना?"

"अ‍ॅम बराबर आहे रे." मास्तर वर्गाकडे वळले. सगळा वर्ग ऐकत होता, ऐकू दे. "मी काल लबाड बोललो, बाबा. वर्ग बंद होईल म्हणून भेलो. नियम माझा होता. 'राह्यला' म्हणजे मुक्कामही असते, हे तुले सांगाचं मीच इसरलो. तू मठ्ठ नाहीस."

खुशाल खाली मान घालून बाकावरची ढलपी काढत राहिला. मग म्हणाला, "मले सांगून काय फायदा, गुरुजी? बाबा म्हणे, उद्यापासून म्हशीमागं जा. आज मी शेवटचाच आलो."

मास्तरांनी खडू ठेवला, खुंटीवरची टोपी घेतली आणि भरला वर्ग सोडून त्याच्या घराची वाट धरली.