खऱ्यासारखं झाड

दातांचे डॉक्टर गेली बावीस वर्षं लोकांना खोटे दात बसवत होते, आणि त्यांतला एकही दात खोटा म्हणून कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे यंदा नाताळला घरात खोटं झाड आणायचं ठरलं तेव्हा त्यांनी सरळ अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवला.

"झाड आणायला कसली सुट्टी?" त्यांची आई म्हणाली. "जायचं, उचलायचं, यायचं."

"आई, हे खोटं काम आहे. खोट्या कामात घाई करून चालत नाही."

दुकानात तळमजल्यावर झाडांची रांगच लावली होती. पांढरी, निळी, छत्रीसारखी मिटणारी, आणि एक तर बटण दाबल्यावर गोल फिरत गाणं म्हणणारं. डॉक्टरांची आठ वर्षांची मुलगी चिमणी त्या गाणाऱ्या झाडापाशी जी उभी राहिली ती हलेना. डॉक्टरांनी खिशातून दवाखान्यातली छोटी बॅटरी काढली आणि एकेका झाडात डोकं खुपसून तपासायला सुरुवात केली.

"सगळ्या फांद्या एका मापाच्या," ते विक्रेत्याला म्हणाले. "जंगलात असं कधी पाहिलंय? कुणीही सांगेल, कारखान्यातून आलंय."

"कारखान्यातूनच आलंय, साहेब."

"म्हणून काय गावभर सांगत सुटायचं?"

त्यांची बायको हे सगळं हाताची घडी घालून ऐकत होती. ती कपड्यांच्या मोठ्या दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवायची. पुतळ्यांना कोट चढवायचा, पाठीमागून टाचण्या मारून तो अंगासरसा बसवायचा आणि रस्त्यावरच्या माणसाला भुरळ घालायची, हे तिचं काम. "अहो, पुढून भरगच्च दिसलं म्हणजे झालं," ती म्हणाली. "मागून बघायला कोण येतंय?"

"खोटं कायम मागून पकडलं जातं," डॉक्टर म्हणाले.

दोन तासांनी त्यांनी एक झाड निवडलं. ते नुसतं मांडून ठेवायचं म्हणून बाहेर काढलेलं होतं. एका बाजूने चेपलेलं, शेंडा जरा कललेला, खोकं फाटलेलं. विक्रेत्याला लाज वाटली. "आतून कोरं काढून देतो ना," तो म्हणाला.

"नको. हेच. याने चार हिवाळे काढल्यासारखे वाटतात."

घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. झाडाचे तीन तुकडे एकमेकांत अडकवायचे होते. डॉक्टरांनी ते अडकवले आणि सांधे दात बनवायच्या लुकणाने असे बुजवले, की नख फिरवूनही कळू नये. लोखंडी पाय मोठ्या कुंडीत रोवून वर माती भरली. बुंध्याला 'ओल्या फडक्याने पुसावे' अशी पट्टी चिकटवलेली होती, ती त्यांनी दाताच्या मशीनने घासून काढली. बुंध्यावर दोन-तीन ठिकाणी लुकणाचेच पिवळसर थेंब सोडले, चीक वाहिल्यासारखे. कुठून तरी देवदाराचं तेल मिळवलं आणि ते रोज सकाळी ड्रॉपरने फांद्यांवर टाकू लागले. चार दिवसांनी त्यांच्या मनात आलं, की खऱ्या झाडाखाली पानं गळतात. मग ते कात्रीने रोज डझनभर प्लॅस्टिकची पानं कापून जमिनीवर टाकू लागले.

"आणि ती झाडायची कुणी?" बायकोने विचारलं.

"लगेच झाडू नकोस गं. संध्याकाळपर्यंत राहू दे."

सजावट मात्र बायकोने कुणाला करू दिली नाही. तीनच रंग, मोठे गोळे खाली, छोटे वर, दिव्यांची माळ आतून फिरवलेली, म्हणजे वायर दिसायला नको. भिंतीकडची बाजू तिने उघडीच ठेवली. चिमणीने शाळेत पुठ्ठ्याचा एक तारा केला होता, त्यावर सोनेरी कागद आणि मधोमध तिचा दात पडलेला फोटो. तो तारा त्या उघड्या बाजूला गेला. आजीने बटणांची माळ ओवून आणली होती, तीही तिकडेच.

"आमची रवानगी मागच्या दाराने," आजी चिमणीला म्हणाली. मग दोघी झाडाच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि तिथूनच झाड बघू लागल्या.

नाताळच्या आठ दिवस आधी इमारतीतल्या दहा-बारा जणांना चहाला बोलावलं. त्यांत इमारतीच्या समितीच्या अध्यक्षबाईही होत्या. जिन्यातली कुंडी कुणी चार बोटं सरकवली तरी त्यांनी तीन मजल्यांना नोटीस पाठवली असती. त्या आल्या, झाडासमोर उभ्या राहिल्या, नाक पुढे करून हुंगलं, खाली पडलेली पानं पाहिली, बुंध्यावरच्या थेंबाला बोट लावलं.

"खरं आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर नुसते हसले. आयुष्यात एवढं गोड ते हसले नव्हते. पण बायकोचं तोंड त्या दिवशी सुटलं होतं. सगळे वाहवा करत होते, वरच्या मजल्यावरची प्राध्यापकीण तर दोनदा म्हणाली होती, आमचं प्लॅस्टिकचं यापुढे अगदीच फिकं. त्या भरात ती बोलून गेली, "मग काय! डोंगरावरून मुद्दाम मागवलंय."

"खोटं आहे ते," चिमणी म्हणाली. "आम्ही दुकानातून आणलं. तिथे एक गाणारं पण होतं."

मोठी माणसं कौतुकाने हसली. अध्यक्षबाईंनी तिच्या गालाला हात लावला, चहा अर्धा टाकला आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वृक्ष खात्याचे निरीक्षक दारात उभे. मागे अध्यक्षबाई. विनापरवाना झाड तोडून आणल्याची तक्रार होती.

निरीक्षकांनी झाडाला एक फेरी मारली. टेप लावून उंची घेतली, बुंध्यावरच्या थेंबावर बोट फिरवलं. मग डोळे मिटून लांब श्वास ओढला. "पंचवीस वर्षं या खात्यात आहे," ते म्हणाले. "मला झाड बघावं लागत नाही, वास पुरतो. तोडून पंधरा दिवस झालेत. चीक अजून सुकलेला नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे... तुम्हालासुद्धा अगदी खरं वाटलं?"

"वाटलं म्हणजे?"

"अहो, सांगा ना!" बायको दबक्या आवाजात म्हणाली. डॉक्टर अजून त्या 'चीक सुकलेला नाही'मध्येच रमले होते, हे पाहून शेवटी तीच पुढे झाली. "साहेब, झाड खोटं आहे. मीच त्या दिवशी थाप मारली. प्लॅस्टिकचं आहे हे."

निरीक्षक मान हलवत हसले. "या आठवड्यात एकाने सांगितलं, वाऱ्याने पडलं. एकाने सांगितलं, सासऱ्यांनी दिलं. प्लॅस्टिकचं आहे म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. सुचलं छान."

बायकोने धावत जाऊन माळ्यावरून खोकं आणलं.

"रिकामं खोकं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते तर आमच्याकडेही आहे. फ्रिजचं."

"याचे तीन तुकडे होतात. अहो, करून दाखवा!"

डॉक्टरांनी बुंधा धरला आणि पिळला. लुकण बावीस वर्षांच्या अनुभवाने लावलेलं होतं, हललं नाही. त्यांनी कुंडीला पाय लावून जोर केला. दिवे लुकलुकले, दोन गोळे फुटले, डॉक्टर घामाघूम झाले, पण झाड एकसंध राहिलं. मग त्यांनी इरेला पेटून एक फांदीच मोडली. आतून तार बाहेर आली.

"बघा!" बायको ओरडली. "तार!"

निरीक्षकांनी तार निरखून पाहिली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. "म्हणजे फांद्यांना आतून तारा घालून ताणलंय," ते म्हणाले, आणि वहीत लिहू लागले. "तोडणं वेगळं आणि छळ वेगळा."

"शी!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

आजी आपल्या खुर्चीतून म्हणाली, "अहो साहेब, माझी सून एरवी खोटं बोलत नाही."

"एरवी नसतील बोलत," निरीक्षक म्हणाले.

निकाल तिथल्या तिथे झाला. इमारतीमागच्या रिकाम्या पट्ट्यात दहा रोपं लावायची, वर्षभर जगवायची. आणि झाड जप्त. पण खात्याची गाडी दुरुस्तीला गेलेली असल्यामुळे ती येईपर्यंत त्याच जागी ठेवायचं. बुंध्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली गेली: जप्त. हलवू नये.

बायको दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना आरशासमोर दाढी करताना गुणगुणताना पकडलं.

"तुम्हाला आनंद झालाय," ती म्हणाली. "अख्ख्या इमारतीत आपली छी-थू झाली, आणि तुम्हाला आनंद झालाय."

"पंचवीस वर्षांचा अनुभव आहे गं त्या माणसाला," डॉक्टर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "आणि तो नुसत्या वासावर गेला नाही. हात लावून पाहिलं त्याने."

तिने हातातला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला. मग तिला हसू आलं, आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला.

रोपं लावायच्या दिवशी डॉक्टर पांढरे रबरी मोजे घालून आले आणि खड्डे असे नाजूक हाताने करू लागले, जणू जमिनीला भूल द्यायची राहिली होती. अर्ध्या तासाने बायकोने कुदळ काढून घेतली. तिने दहाही खड्डे एकटीने खणले. अध्यक्षबाई गच्चीवरून ओळ सरळ आहे की नाही ते सांगत होत्या. पहिल्या महिन्यात तीन रोपं मेली. उरलेल्या सातांना पाणी घालायला बायको कामावर निघण्याआधी जायची. सुरुवातीला शिव्या देत, नंतर नुसतीच. एकदा तिने खिडकीतल्या पुतळ्यांना कोट चढवताना आपल्या नखांत माती पाहिली आणि ती धुवायची तिला घाई वाटली नाही.

झाड मात्र जागचं हललं नाही. नाताळ संपला, नवं वर्ष जुनं झालं, लोक स्वेटर आत ठेवून पंखे पुसू लागले, तरी गाडी दुरुस्तच होत होती. हलवू नये म्हटल्यावर हलवायचं कसं? डॉक्टर किल्ल्या त्याच्या फांदीला अडकवू लागले. चिमणी ओले मोजे वाळत घालायची. आजीने आपल्या गोळ्यांची पाकिटं वारानुसार लावली, सोमवार सगळ्यात खाली. पाहुणे आले की बिचकायचे, मग चिठ्ठी वाचायचे, मग दुसराच विषय काढायचे.

जूनमध्ये एका दुपारी गाडी आली. खाकी कपड्यांतल्या दोन बायकांनी किल्ल्या, मोजे, गोळ्या उतरवून टेबलावर नीट मांडल्या. एकीने झाड कुंडीसकट उचललं. "कुंडीचंच काय ते वजन," ती दुसरीला म्हणाली. दुसरीने फांदी चिमटीत धरली, वास घेतला, डॉक्टरांकडे पाहिलं, काहीतरी विचारावंसं तिला वाटलं असावं. पण खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने पावती फाडून दिली.

बायकोने ती मोठ्याने वाचली. "झाड, एक. जात, समजली नाही. अवस्था, ताजी."

"ताजी?" डॉक्टरांनी पावती हिसकावूनच घेतली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. "सहा महिन्यांनी, ताजी!"

"चौकटीत घालून दवाखान्यात लावा आता," बायको म्हणाली.

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. डॉक्टर मात्र लगेच चौकटवाल्याचा नंबर शोधायला लागले. आणि त्या दोघांची त्यावरून जुंपलेली असताना आजीने आपली खुर्ची ओढत, जमिनीवर रेघ उठवत, झाडाच्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात नेली आणि तिथे आणखी कुणाला काही ठेवायचं सुचण्याआधी बसून घेतलं.