मधली शांतता

वर काहीतरी पडलं आणि ग्रंथपालांनी छताकडे पाहिलं. घरात एकटेच असल्यामुळे छताकडे पाहायची त्यांना सवयच लागली होती.

जन्मभर लोकांना ‘हळू बोला’ म्हणत आलेला हा माणूस निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या गोंगाटावर जगत होता. वरच्या मजल्यावर दीड वर्षाचं पोर होतं. ग्रंथपालांनी मनातल्या मनात त्याचं नाव ‘दुडदुड्या’ ठेवलं होतं. त्याची आई जिन्यात भेटली की ओशाळून विचारायची, “फार आदळआपट होते ना, काका?” “चालायचंच,” असं म्हणून ते खाली मान घालून निघायचे आणि घरात आल्यावर हळहळायचे, की आपण इतकं तुटक का बोललो.

आजचा आवाज मात्र खेळण्याचा नव्हता. जड होता. पाठोपाठ भोकाड यायला हवं होतं, ते आलं नाही. ग्रंथपालांनी पुस्तकात खूण घातली, चष्म्याची घडी घातली, पायाने चपला चाचपल्या आणि खुर्चीच्या हातावर भार देऊन ते उठले. तेव्हा कुठे वर रडं फुटलं. मग आईची धावती पावलं, “आले रे राजा!” आणि सगळं निवलं.

ते परत बसले. आई आहे ना जवळ, आपण कोण सांगणारे? पण एकच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरेना. एरवी या वेळी वर नुसता धुडगूस असायचा. आज हूं की चूं नाही. शेवटी मनाचा हिय्या करून ते जिना चढले.

दार उघडताच ती म्हणाली, “आवाज झाला ना? सॉरी हं, काका. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात हा खुर्चीवर चढला आणि पडला.”

“आवाज नाही झाला, म्हणून आलो. पडल्यावर तो लगेच रडला नाही. मधे गप्प होता. तुम्हाला गॅलरीत कळलं नसेल.”

“मी आले तेव्हा चांगला ठणाणा करत होता की! आता दमून झोपलाय.”

“या वेळेला तो झोपत नाही,” ग्रंथपाल बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. लोकांच्या घराला कान लावून बसणारा म्हातारा!

तिच्या कपाळावर आठी उमटली. तरी ती आत वळली. पोराला हाका मारल्या, गालावर थोपटलं. त्याने डोळे किलकिले केले, आईला न ओळखल्यासारखे पुन्हा मिटले आणि तो भडाभडा ओकला. त्याला उचलून घेताना कानाच्या वर मऊ टेंगूळ तिच्या हाताला लागलं.

“चला, आत्ताच दवाखान्यात,” ग्रंथपाल म्हणाले. इतकं ठाम ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “पडल्या पडल्या रडला का?”

आईने ग्रंथपालांकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.

“किती वेळ गप्प होता?”

“घड्याळ नाही पाहिलं. पण… करून दाखवू?”

सगळ्यांसमोर ते बाकावर बसले. नसलेल्या पुस्तकात खूण घातली. चष्मा काढून घडी घातली. चपला चाचपल्या, आणि उठले. नर्सने हसू दाबलं. डॉक्टरीणबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

“एवढा वेळ? मग थांबायला नको. डोक्याचा स्कॅन करू.”

कवटीला बारीक चीर होती. आत रक्त साचलं नव्हतं. दोन रात्री देखरेखीखाली ठेवून त्यांनी पोराला घरी सोडलं. त्या दोन रात्री ग्रंथपालांनी दिवा मालवला नाही आणि पुस्तकही उघडलं नाही.

मग पोराचा बाप खाली आला. “काका, तुमचे उपकार कसे फेडू? आणि एक सांगतो, खोलीभर जाड गालिचा टाकलाय. खाली मऊ पॅडिंग. त्याला लागायला नको, आणि तुम्हालाही आता टाचणी पडल्याएवढाही त्रास होणार नाही.”

‘त्रास नव्हताच हो,’ हे ग्रंथपालांच्या ओठांपर्यंत आलं.

“छान केलंत,” ते म्हणाले.

“या ना वर कधीतरी.”

“येईन की.”

आपण जाणार नाही, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसून राहिले. छत मुकं होतं. दुडदुड्या वर धावत असणार, नक्कीच धावत असणार; आणि खाली काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

मग कुठूनसा ठण्ण आवाज आला. वाटी पडली असावी. मागोमाग खदखदून हसणं. ग्रंथपालांनी कान टवकारले. आवाज स्वयंपाकघराच्या बाजूने आला होता. तिथे गालिचा टाकलेला नसणार.

त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि खुर्ची ओढत ओढत स्वयंपाकघरात नेली.