वरच्या पाटाचे दार

मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल, आणि त्याचा मला राग नाही. ज्यांनी मला पाहिले आहे त्यांनाही माझे रूप आठवत नाही, आवाज मात्र हमखास आठवतो. रूप म्हणजे काय, तर पाटीएवढा चपटा डबा, पुढे लाल दिव्यांची ओळ आणि मागे दोन वायरी. एक संगणकाकडे जाणारी, दुसरी टेलिफोनकडे. फोन लागला की मी आधी शीळ घालायचो, मग खाकरायचो, मग घशात खडे अडकल्यासारखा खरखरायचो. लोक त्याला केकाटणे म्हणत. मित्रांनो, ते केकाटणे नव्हते. पलीकडे दूर गावी माझ्यासारखाच एक मोडेम बसलेला असे, त्याला मी रामराम करत होतो. रामराम झाल्याशिवाय बोलायला लागणे आमच्या जातकुळीत बसत नाही.

माझा जन्म तैवानचा. तिथून मी बोटीने मुंबईला आणि मुंबईहून ट्रकने धुळ्याला आलो. १९९८ साली नासीर नावाच्या तरुणाने मला विकत घेतले आणि मांडीवर ठेवून एसटीने साक्री तालुक्यातल्या आपल्या गावी नेले. गाव पांझरा नदीच्या काठावर आहे. तिथे नासीरचे एसटीडीचे दुकान होते. काचेची खोली, पिवळी पाटी, एक टेलिफोन आणि एक झेरॉक्स मशीन. त्यात आता एक जुना संगणक आणि मी अशी भर पडली. पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून समोरच्या ओट्यावरची म्हातारी माणसे उठून उभी राहिली होती.

माझे काम सोपे होते. नासीरने सरकारी खात्याचे इंटरनेट घेतले होते. टेलिफोनच्या तारेवरून जे येईल ते संगणकाला द्यायचे आणि संगणक जे देईल ते तारेवर सोडायचे. कुणाचे आहे, कशाबद्दल आहे, हे विचारायचे नाही. हमालाने पोते उघडून बघू नये, तसेच हे.

हे त्या गावाला पटकन समजले, कारण तिथली शेती फडाची होती. नदीवर जुना बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली सगळ्यांची शेते एकत्र, त्याला फड म्हणायचे. पाणी पाळीने मिळे. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असे. तो वना नाना. उंच, वाकलेला, खांद्यावर कायम फावडे. पाटकऱ्याने शेत कुणाचे ते बघायचे नाही, पाळी कुणाची तेवढे बघायचे, असा तिथला रिवाज. नासीरने भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते : ‘येईल त्याला पाळी. दुसऱ्याच्या पाळीत डोकावू नये.’

माझ्याकडे दर शुक्रवारी दुपारी न चुकता येणाऱ्या एक बाई होत्या. रहिमाबी मणियार. त्या गावोगाव हिंडून बांगड्या भरत. त्यांचा मुलगा मुख्तार मस्कतला वेल्डिंगच्या कामावर होता. तिकडे शुक्रवारची सुट्टी असते. त्या दिवशी तो शहरात जाऊन ई-पत्र लिहायचा, आणि रहिमाबी बांगड्यांची टोपली दाराशी ठेवून आत यायच्या. नासीर पत्र वाचून दाखवायचा, मग त्या सांगतील ते टाइप करायचा. रहिमाबी काहीही सांगोत, शेवटचे वाक्य ठरलेले असे : “और पूछ उसको, खाना खाया क्या?”

नासीर हसायचा. “चाची, तो जेवला की नाही हे आपल्याला पुढच्या शुक्रवारी कळणार.”

“तर काय झालं? पुछना मेरा काम है.”

ते वाक्य मी कितीदा मस्कतला पोहोचवले असेल! मला ते ओझे कधी जड वाटले नाही. खरे सांगायचे तर मी त्याची वाट बघायचो.

त्याच सुमारास मुख्तारच्या बहिणीचे, मुमताजचे, लग्न ठरले. मुलाकडचे लोक अमळनेरचे होते. वडील हयात नव्हते, तेव्हा निकाहाला परवानगी द्यायचा मान भावाचा. मुख्तारने लिहिले की रमजान लागायच्या आत तारीख धरा, मी रजा घेऊन येतो. तिकडे तारीख पक्की झाली की लगेच कळवा, कारण इथे रजा पाळीने मिळते. घरात मुमताज रोज विचारायची, भाईजानचे काय आले?

पोळा झाला आणि गावात एक पांढरी जीप आली. सुवर्णसेतू नावाच्या कंपनीचे मोतीलाल साहेब त्यातून उतरले. नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड. ते म्हणाले, कंपनी गावाला इंटरनेट फुकट देणार. फोनचे बिलही कंपनीच भरणार. संगणक दिवसभर चालू ठेवा, क्रिकेटचे धावफलक बघा, सिनेमाची चित्रे बघा. नासीरने फक्त सरकारी नंबर सोडून कंपनीचा नंबर फिरवायचा.

फुकट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? दुधाचा व्यापार करणारे हिलाल आबा सगळ्यात आधी खुर्ची धरून बसले. नासीरलाही बरे वाटले. सरकारी खात्यावरचे तास संपत आले होते, ते त्याने पुन्हा घेतले नाहीत.

मी कंपनीचा नंबर फिरवू लागलो. रामराम झाला, काम सुरू झाले. पण काही दिवसांत माझ्या लक्षात आले की ही वाट निराळी आहे. कंपनीची स्वतःची पाने धावत येत. त्यांची बियाणी, त्यांची खते, त्यांचे टीव्ही. दुसरे काही मागितले की पलीकडून तासभर नुसती शांतता. मी मागणी न्यायचो, पण वरून सुटत काही नव्हते. जे येतच नाही ते मी आणणार कुठून?

रहिमाबींनी तारीख कळवायला म्हणून नासीरला पत्रपेटी उघडायला लावली. ती ई-पत्रांची पेटी दुसऱ्या एका कंपनीच्या सेवेतली होती, सुवर्णसेतूची नव्हती. पेटीच्या जागी एक रंगीत पान आले. त्यावर लिहिले होते : ‘सध्या आपल्यासाठी टपाल नाही. लवकरच आमची टपालसेवा घ्या.’

नासीरने तेच वाचून दाखवले. दुसऱ्या शुक्रवारी तेच, तिसऱ्या शुक्रवारीही तेच. तो पडद्यावर विश्वास ठेवून बसला होता. छापलेले खोटे असते असे त्याला वाटतच नव्हते. तारीख कळवायलाही मार्ग नव्हता. मुख्तारची राहण्याची जागा बदलणार होती, नवा पत्ता तो पुढच्या पत्रात देणार होता. जुन्या पत्त्यावर धाडलेले साधे पाकीट कुठे गेले कुणास ठाऊक. आणि तो फोन करील म्हणावे, तर फोनची तार एकच. ती मी दिवसभर कंपनीसाठी अडवून बसलेलो. तिकडून करणाऱ्याला नुसता एंगेजचा आवाज.

रहिमाबी बोलायच्या कमी झाल्या. “पैसा दिखा तो माँ को भूल गया,” असे एकदा त्या टोपली उचलता उचलता म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. माझ्या दिव्यांकडे बघून त्या निघून गेल्या.

एका शुक्रवारी वना नाना झेरॉक्सला आले होते. त्यांनी हे ऐकले आणि फावडे दाराला टेकवून ते आपल्या अहिराणीत म्हणाले,

“रहिमाबी, पानी नही उनं म्हंजे नदी आटनी अशे नही. पाट पाहाना पडस. आठे शेवटाले बशीसन काय समजाव?”

पाणी आले नाही म्हणून नदी आटली असे होत नाही, फडातला नियमच तसा. शेवटच्या शेताला पाणी पोहोचले नाही तर पाटकरी माणसे घेऊन पाटाकाठाने वर वर चालत जातो, कुठे बांध फुटला, कुठे दार लागले ते शोधतो. वना नानांनी तेच करायचे ठरवले. फक्त पाट म्हणून त्यांनी धरली टेलिफोनची तार!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसे काठ्या, विळे आणि भाकरी घेऊन खांबांच्या ओळीने साक्रीकडे निघाली. नासीर दुकान बंद करून सोबत गेला. संध्याकाळी त्याने सगळे सांगितले तेव्हा मलाही हसू आवरेना. प्रत्येक खांबाशी थांबून वर बघायचे. एका ठिकाणी वेल चढलेला, तो कापला. एका ठिकाणी कावळ्याचे घरटे. ते काढायचे की नाही यावर बराच वाद झाला, शेवटी पिलांकडे बघून राहू दिले. साक्रीच्या टेलिफोन ऑफिसात पोहोचले तेव्हा तिथला लाइनमन चहा पीत होता. त्याने तार तपासली. तार धडधाकट. खरखर जरासुद्धा नाही.

“मंग वरला पाट कोना?” वना नानांनी विचारले.

लाइनमन म्हणाला, “माझी हद्द इथपर्यंत. पुढे तुमची मंडळी ज्या कंपनीचा नंबर फिरवतात, तिचं ऑफिस धुळ्याला. काय सोडायचं, काय अडवायचं ते त्यांच्या हाती.”

म्हणजे नाना चुकीची वाट चालले, पण दारापाशी बरोबर पोहोचले.

मोतीलाल साहेबांना निरोप गेला आणि चार दिवसांनी जीप आली. दुकानात गर्दी जमली. साहेब चिडले नाहीत. म्हणाले, “बाहेरचं टपाल, बाहेरची पानं ही वरच्या योजनेत आहेत. वर्गणी भरली की सुरू. फुकट योजनेत एवढंच बसतं. कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.”

हिलाल आबा म्हणाले, “फुकट शे ना भाऊ, मंग नावं कसाले ठेवतस? मना धावफलक बंद करू नका.”

रहिमाबी मागे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले साहेबांनी बघितले. ते त्यांना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे माझ्याच टेबलापाशी, म्हणून मला ऐकू आले. “ताई, तुमच्या मुलाच्या पत्रांची पेटी तेवढी मी आजच उघडून देतो. वर एक फोन केला की झालं. फक्त कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या सगळे मागतील.”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटत होते, हो म्हणा. मुमताजच्या निकाहाला पंधरवडाही उरला नव्हता. पेटीत काय आहे, मुलगा जिवंत आहे की नाही, हेसुद्धा त्या माउलीला माहीत नव्हते. रहिमाबींनी पदराने डोळे पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे गावच्या अहिराणीत बोलल्या.

“साहेब, मना एकलीकरता दार उघाडशात, आनि बाकीनासनं काय? आज उघाडशात, सकाय लाई लेशात. चोरनं पानी आमना गावमा कोनी लेत नही.”

आज उघडाल आणि उद्या लावून घ्याल, हे सगळ्यांनाच पटले. वना नानांनी मान डोलावली. हिलाल आबा खुर्चीवरून उठले. नासीरने संगणक बंद केला, पैसे खिशात घातले आणि दुपारच्या एसटीने धुळ्याला गेला. सरकारी खात्याचे नवे तास घेऊनच परतला.

दुसऱ्या दिवशी मी जुना नंबर फिरवला. पलीकडच्या मोडेमने ओळख ठेवून रामराम घातला. पेटी उघडली आणि मुख्तारची पत्रे एकामागून एक खाली आली. एकही शुक्रवार त्याने चुकवला नव्हता. पहिल्यात नवा पत्ता होता. पुढच्यात विचारले होते, तारीख का कळवत नाही? मग लिहिले होते, फोन करतो तर सदा एंगेज. आणि शेवटच्यात : ‘अम्मी, आप नाराज हैं क्या? माझी रजेची पाळी मी बिहारच्या एका सोबत्याला देऊन टाकली. त्याचे वडील आजारी आहेत. तुम्हाला मी नको असेन तर त्याला तरी जाऊ दे.’

नासीरने पत्र संपवले. रहिमाबी मोठ्याने रडल्या, आणि रडता रडताच हसल्या, कारण मुलगा त्यांना विसरला नव्हता. त्यांनी उत्तर सांगितले. ते नेताना मी जितका जोर लावला तितका कधी लावला नव्हता. पण गेलेली रजा परत आली नाही. ती मी कुठून आणणार?

निकाह ठरल्या दिवशी झाला. मुख्तारने कळवले होते, काझीसाहेब आले की मी फोन करीन. त्या वेळी नासीरने माझी वायर काढून टेलिफोनला लावली. तार एकच, आणि ती पाळी मुख्तारची होती. मी दिवे विझवून गप्प बसलो, आणि गप्प बसण्यात एवढा आनंद असतो हे मला त्या दिवशी कळले. अमळनेरचे वऱ्हाड, काझीसाहेब, वना नाना, फेटा बांधून आलेले हिलाल आबा, सगळे एसटीडीच्या दुकानाभोवती दाटीवाटीने उभे. घंटी वाजली. मुख्तारने मस्कतहून परवानगी दिली, आणि मुमताजच्या चाचांनी ती सगळ्यांना ऐकवली. मुमताजने रिसीव्हरला कान लावला आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग रहिमाबींनी फोन घेतला. इतके महिने साठलेले त्या किती बोलतील असे सगळ्यांना वाटले. त्या म्हणाल्या, “खाना खाया, बेटा?”

आणि त्यांना उत्तर लगेच मिळाले. पुढच्या शुक्रवारची वाट बघावी लागली नाही.

पुढे माझ्याहून वेगवान यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. माझ्या एका वायरीचे टोक उंदरांनी कुरतडले आहे. असो, ज्याची त्याची पाळी. मला उचलून पुसा, असेही मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्या हाती आता मोठमोठे पाट आले आहेत, ते सांभाळा. कुणी फुकट देऊ केले तर घ्या हवे तर, पण दार कुणाच्या हाती आहे ते आधी विचारा. ‘आपल्यासाठी काही नाही’ असे पडद्यावर दिसले तर लगेच मानू नका. काठी घ्या आणि पाटाच्या काठाने वर चालत जा. पाटाच्या शेवटाला कुणाची तरी आई टोपली खाली ठेवून बसलेली असते.